हातातला नोकिया कुणाचा, हे ओळखायचं कसं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की माझ्या फोनदुरुस्तीच्या टेबलावर पिवळे फोन यायला लागतात. परवा एका हमालमामांनी नोकियाचा ११०० मॉडेल पुढे ठेवला. "ताई, ह्यो जित्ता हुतोय का बघा. असली नोकिया हाय." मागच्याच आठवड्यात कॉलेजातला एक पोरगा ३३१० घेऊन आला होता, जुन्या बाजारातून बाराशेला घेतलेला. त्याचंही तेच, "असली नोकिया." मामांचं खरं होतं. पोराचं निम्मंच खरं होतं.

कुठलाही नोकिया आला की मी वरचं नाव वाचत नाही. मागचं झाकण काढते, बॅटरी काढते आणि आतला स्टिकर वाचते. तुम्हीही घ्यायच्या आधी तेच करा. विकणारा बॅटरी काढू देत नसेल तर तिथूनच माघारी फिरा.

स्टिकरवर 'टाइप' म्हणून दोन-तीन रोमन अक्षरं आणि आकडे असतात. सगळी कुंडली तिथं आहे. ५११० वर एनएसई-१, ३२१० वर एनएसई-८, ३३१० वर एनएचएम-५, मामांच्या ११०० वर आरएच-१८. पुढं आरएम सुरू झालं. ही सगळी जुन्या घरची, म्हणजे मूळ नोकियाची लेकरं. पण नुसत्या आरएमवर विसंबू नका. २०१३ चा १०५ आरएम-९०८ आहे, आणि २०१५ चा १०५ आरएम-११३४. पहिला नोकियाचा, दुसरा मायक्रोसॉफ्टच्या काळातला. स्टिकरवर टीए आणि चार आकडे दिसले तर तो एचएमडी या तिसऱ्या कंपनीचा. २०१७ ला नव्यानं आलेला रंगीत स्क्रीनचा ३३१० यातलाच.

आता हे तीन मालक कसे झाले ते सांगते, कारण गिऱ्हाइकाला हे सांगितल्याशिवाय भाव पटत नाही.

नोकिया हे गावाचं नाव आहे, फिनलंडमधलं. फ्रेड्रिक इडेस्टाम नावाच्या माणसानं १८६५ मध्ये टॅम्परेला लाकडाच्या लगद्याची गिरणी काढली. मग दुसरी गिरणी नोकिया गावाजवळ नदीकाठी घातली आणि १८७१ मध्ये कंपनीला गावाचं नाव मिळालं. पुढं १९६७ मध्ये कागदवाले, रबरवाले आणि केबलवाले एकत्र येऊन एकच कंपनी झाली. म्हणजे गमबूट आणि टायरसुद्धा नोकिया होते! आपल्याकडं राजापुरी हळद कुठल्याही रानातली असो, सांगलीच्या बाजारातनं गेली की 'सांगलीची हळद' होते. तसंच हे. नाव गावाचं, माल बदलत गेला.

फोन त्या मानानं उशिरा आले. १९८२ चा मोबिरा सिनेटर गाडीत बसवायचा, वजन दहा किलोच्या आसपास. १९८७ चा सिटीमन हातात धरता यायचा, तरी पाऊण किलोच्या वरच. १९९२ चा १०११ हा मोठ्या संख्येनं बनलेला पहिला जीएसएम, म्हणजे डिजिटल नेटवर्कवरचा फोन. १९९४ च्या २११० वर ती टॅण टॅण टॅण टॅण धून आली, जी तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ च्या रचनेतून उचललेली आहे. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना लावला, तोही नोकियावरूनच.

मग २०१३ च्या सप्टेंबरात फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं जाहीर झालं, ५४४ कोटी युरोला. एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पुरा झाला. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करवादामुळे त्या सौद्यात गेलाच नाही आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं साध्या फोनचा धंदा एचएमडी आणि दुसऱ्यांचे फोन बनवून देणाऱ्या फॉक्सकॉनच्या कंपनीला ३५ कोटी डॉलरला देऊन टाकला. एचएमडीही फिनलंडचीच, पण नोकियाचं नाव तिनं परवान्यावर घेतलेलं. मूळ नोकिया जिवंत आहे, नेटवर्कची यंत्रं बनवते. लोक अजून आपल्याला फोनवालेच समजतात म्हणून तिनं २०२३ मध्ये लोगोसुद्धा बदलला.

हे सांगून झालं की बॅटरी हातात घ्या. काचेवर आडवी ठेवून बोटानं फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर पोट सुटलंय, ती टाका. टोचू नका, दाबू नका. मल्टीमीटर असेल तर भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास दिसते. तीनच्या खाली गेलेली मी पुन्हा चार्जिंगला लावत नाही. आणि बीएल-५सी या नोकियाच्या नेहमीच्या बॅटरीवर नोकिया लिहिलंय म्हणून भुलू नका, कारण अस्सल बॅटऱ्याही बाहेरच्या कंपन्या बनवून द्यायच्या. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियानं जपानच्या मात्सुशिताकडून आलेल्या ४.६ कोटी बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली होती, चार्जिंग करताना तापू शकतात म्हणून. आज बाजारात मिळते ती बहुतेक नक्कलच. मी बिनानावाची पण वजनाला भरलेली घेते.

फोन चालू झाला की *#०६# दाबा. फोनचा ओळख नंबर, म्हणजे आयएमईआयचे पंधरा आकडे येतात. ते स्टिकरच्या आकड्यांशी एकेक करून जुळवा. पोराचा फोन इथंच फसला. स्टिकर एनएचएम-५ चा, पण आतला बोर्ड दुसऱ्याच ३३१० चा आणि बॉडी नवी कोरी चिनी. तोच नंबर केवायएम अक्षरांपुढं जागा सोडून टाइप करा आणि १४४२२ ला मेसेज पाठवा, फोन ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. चोरीचा माल गळ्यात पडायला नको. 'मेड इन' कुठलं यावर मात्र जास्त पैसे देऊ नका. २००९ मध्ये युरोपात कुणीतरी आवई उठवली की जर्मनीतल्या बोखुमच्या कारखान्यातल्या ११०० नं बँकेचे कोड पकडता येतात, तर एकेक फोन पंचवीस हजार युरोला मागत होते म्हणे. मामांना हे सांगितलं तर त्यांनी आपला फोन उलटा करून बघितला.

साफसफाई. ११०० हा २००३ चा, आपल्यासारख्या धुळीच्या मुलखासाठीच काढलेला. बटणांवर अखंड रबर, बाजूला घामट हातातून निसटू नये अशी पकड, वर टॉर्च. तरी वीस वर्षांत हळद आत जातेच. पुढची फ्रेम काढा, आतले स्क्रू चांदणीच्या टोकाच्या टी-६ नं खोला. रबराची बटणं साबणाच्या पाण्यात धुवा. पिवळेपणा घासून जाणार नाही, घासूच नका. दुपारभर उन्हात ठेवा. हळदीचा रंग ऊन खातं, हे लुगड्यावरचे डाग काढणाऱ्या कुठल्याही आजीला ठाऊक आहे. बोर्डाला मात्र पाणी लावायचं नाही. तिथं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पुरात भिजलेल्या फोनचंही असंच, फक्त आधी बॅटरी काढायची आणि चालू करून बघायचा मोह आवरायचा. २०१९ ला कितीतरी फोन पुराच्या पाण्यानं नाही, त्या मोहानं मेले.

सिमचं लवकर सांगते. ११०० फक्त टूजी आहे, जिओ चालणार नाही; एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल बघा. नॅनो सिमला अडॅप्टर लागतो. रिकामा अडॅप्टर आत सरकवू नका, पिना वाकतात आणि मग माझ्याकडं यावं लागतं.

शेवटी ११०० वर *#९२७०२६८९# दाबा. फोन कुठल्या महिन्यात बनला आणि त्यावर एकूण किती तास बोलणं झालं ते दिसतं. कमी वापरलेला म्हणून विकणाऱ्याचं पितळ इथं उघडं पडतं. मामांचा आकडा सहाशे अकरा तास निघाला.

"एवढं बोललो व्हय मी?" मामा स्क्रीनकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "त्यातलं निम्मं आडत्याचं लिवा. मी नुसतं व्हय व्हय म्हणतोय."