अरबी शिकायला अम्मानला जायचंय? आधी घरी काय करावं, तिथे काय करावं

अरबी शिकायला परदेशी जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कुठे? 2011 पूर्वी बरेच जण दमास्कस किंवा कैरो म्हणायचे. सीरियात युद्ध पेटलं, इजिप्त अस्थिर झाला आणि परदेशी विद्यापीठांचे कित्येक अभ्यासक्रम जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला, हलले. परक्यांना अरबी शिकवण्यात मुरलेले शिक्षक आज तिथे भरपूर आहेत. जॉर्डन विद्यापीठाचं भाषा केंद्र आहे, कासिद आणि सिजाल यांसारख्या खासगी संस्थाही आहेत. म्हणून हा लेख अम्मान धरून लिहिला आहे. तुम्ही मोरोक्कोतलं रबात निवडलंत तरी पायऱ्या याच, बोली मात्र पार वेगळी.

सगळ्या तयारीला एकच हिशेब लावा: जे घरी बसून शिकता येतं, त्यासाठी तिथले दिनार आणि तिथले दिवस खर्चू नका.

1. अपेक्षा आधी ठरवा

इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना कामापुरती अरबी यायला 88 आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे 2200 तास लागतात, असा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज आहे. स्पॅनिशच्या हा जवळजवळ तिप्पट. तेव्हा उन्हाळ्यातल्या आठ आठवड्यांत कुणी अस्खलित होत नाही. पण पाया घालून गेलेला माणूस त्याच आठ आठवड्यांत बोलायला लागतो, आणि कोरा गेलेला मुळाक्षरं गिरवून परत येतो.

2. लिपी आणि व्याकरणाचा पाया घरीच घाला

अक्षरं 28, उजवीकडून डावीकडे. शब्दात जागा बदलली की अक्षराचं रूप बदलतं आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत. रोज तासभर बसलात तर काही आठवड्यांत वाचन जमू लागतं. ‘अलिफ बा’ हे पाठ्यपुस्तक यासाठी चांगलं आहे.

एक पथ्य पाळा: अरबी शब्द देवनागरीत लिहून पाठ करू नका. अरबीत ‘स’, ‘त’, ‘ह’ आणि ‘क’ यांच्या दोन-दोन जाती आहेत आणि देवनागरीत त्या एकच होऊन बसतात. हृदय आणि कुत्रा या दोन्ही शब्दांसाठी आपण ‘कल्ब’च लिहू, आणि चुकीची सवय लागली की ती सोडवायला महिने जातात. या लेखात देवनागरी वापरली आहे ती फक्त कल्पना यावी म्हणून.

शाळेत संस्कृत केलेल्यांना इथे मोठा आधार आहे. अरबीत द्विवचन आहे, आणि शब्द धातूंपासून घडतात. क-त-ब या तीन व्यंजनांतून किताब म्हणजे पुस्तक, कातिब म्हणजे लिहिणारा, मक्तब म्हणजे कचेरी, मक्तबा म्हणजे ग्रंथालय. हान्स वेअरचा प्रसिद्ध शब्दकोश धातूंच्या क्रमानंच लावलेला आहे. तो चाळायची सवय निघण्यापूर्वी करून घ्या. शिवाय वकील, हुकूम, तारीख, हिशेब, कायदा असे कितीतरी शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत आलेलेच आहेत.

शिक्षक हवा असेल तर मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठ इथेही पदवीपर्यंत आणि पुढेही अरबी शिकवतात.

3. अभ्यासक्रम निवडताना नेमके प्रश्न विचारा

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: फुसहा किती आणि आम्मिया किती? फुसहा ही पुस्तकांची, बातम्यांची, भाषणांची अरबी. आम्मिया म्हणजे घरात आणि बाजारात बोलतात ती. ‘तुला काय हवंय?’ हे फुसहात ‘माझा तुरीद?’, तर अम्मानच्या दुकानात पुरुषाला ‘शू बिद्दक?’ आणि बाईला ‘शू बिद्दिक?’ नुसती फुसहा शिकलेल्याला टीव्हीवरची बातमी कळते, घरमालकाचं बोलणं कळत नाही. ‘आधी फुसहा पक्की करू, मग बोली’ हा सल्ला पुष्कळ ऐकायला मिळतो. मला तो पटत नाही. दोन्ही पहिल्या दिवसापासून शिकवणारा अभ्यासक्रम घ्या.

मग विचारा: वर्गात किती जण असतात? पातळी ठरवायची परीक्षा घेता का? संभाषणासाठी स्थानिक जोडीदार मिळवून देता का? कुटुंबात राहायची सोय आहे का? मिडलबरी या अमेरिकी कॉलेजाच्या अभ्यासक्रमासारख्या काही ठिकाणी पूर्ण काळ फक्त अरबीतच बोलण्याची शपथ लेखी घेतात. झेपत असेल तर तसाच निवडा.

पैशांची अडचण असेल तर कतार विद्यापीठाचा परभाषकांसाठीचा अरबी अभ्यासक्रम पाहा. तिथे शिष्यवृत्तीच्या जागा असतात.

4. कागदपत्रं

व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून दिल्लीतल्या जॉर्डनच्या दूतावासाला आणि संस्थेला, दोघांनाही विचारा. मुक्काम लांबणार असेल तर वास्तव्य परवान्याचं काय, हे आधीच लेखी घ्या. आरोग्य विमा काढा.

5. राहायची जागा

जबल अम्मान आणि जबल अल्‌-वैबदे हे भाग सुंदर आहेत, पण तिथल्या कॅफेंत इंग्रजी फार चालते. शक्य तर एखाद्या कुटुंबात राहा. आपल्याकडचे चार मित्र मिळून फ्लॅट घेतलात तर स्वस्त पडेल, पण संध्याकाळी सगळं बोलणं मराठी-हिंदीत होईल आणि ती संध्याकाळच मोलाची असते.

नळाला पाणी साधारण आठवड्यातून एकदा येतं आणि गच्चीवरच्या टाक्यांत साठवतात, तेव्हा जपून वापरा. हिवाळ्यासाठी गरम कपडे न्याच. शहर डोंगरांवर वसलेलं आहे आणि कधीकधी बर्फही पडतो.

6. वर्ग सुटल्यावर

आठवडा रविवार ते गुरुवार, सुट्टी शुक्रवार-शनिवार. वर्गानंतर गृहपाठाला तीन-चार तास जातात हे धरून चाला, पण रोजचा एक तास रस्त्यासाठी राखा. एकच किराणा दुकान, एकच बेकरी धरा आणि रोज तिथेच जा. आज वर्गात शिकलेलं एक वाक्य तिथे वापरायचंच. समोरच्यानं इंग्रजी सुरू केली तर हसून म्हणा, ‘इह्की मई अरबी, लौ समहत’: माझ्याशी अरबीत बोला ना. ठरावीक मार्गावर धावणाऱ्या ‘सर्वीस’ या शेअर टॅक्सीत बसा. गप्पा आपोआप सुरू होतात.

काम करणाऱ्या माणसाला ‘यअतीक अल्‌-आफिये’ म्हणायला विसरू नका. देव तुला बळ देवो, असा त्याचा भाव. उत्तर येतं, ‘अल्ला यआफीक’. व्याकरण चुकलं तरी चालेल, हे चुकवू नका.

कुणी घरी बोलावलं तर जा. कडू अरबी कॉफीचा छोटा पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. पुरे झाली असेल तर पेला हलकेच डावी-उजवीकडे हलवून परत द्या. जमीद नावाच्या सुकवलेल्या दह्यात शिजवलेलं मटण आणि भात, म्हणजे मनसफ, हा तिथला मानाचा पदार्थ. शाकाहारी असाल तर हे बोलावतानाच सांगा. फलाफल, हुम्मुस, बाकल्याच्या दाण्यांचं ‘फूल’, मसूर-भाताची मजद्दरा यांवर पोट छान भरतं. मात्र नुसतं ‘बिदून लहमे’, म्हणजे मांसाविना, म्हणालात तर ताटात कोंबडी येऊ शकते, कारण ‘लहमे’ म्हटलं की अनेकांना मटण-बीफच आठवतं. ‘ला लहमे वला जाज’ म्हणा.

रमजानात गेलात तर वर्गांच्या वेळा बदलतात आणि दिवसा उघड्यावर खाणं-पिणं कायद्यानं मना आहे. पण इफ्तारची आमंत्रणं याच महिन्यात येतात, त्यामुळे हा काळ टाळू नका.

7. परत निघण्यापूर्वी

संस्थेकडून आपल्या पातळीचं लेखी प्रमाणपत्र घ्या. पुढे प्रवेशाला, नोकरीला ते लागतं. संभाषणाच्या जोडीदाराशी आठवड्यातून एका फोनची वेळ निघण्यापूर्वीच ठरवा, आणि शहराच्या जुन्या भागातल्या, अल्‌-बलदमधल्या, दुकानांतून मुलांची गोष्टींची पुस्तकं घ्या. घरी आल्यावर रोज एक पान मोठ्यानं वाचायला ती कादंबऱ्यांपेक्षा जास्त कामाची आहेत.