डोंगरी भागातील तरुणांची श्वसनक्षमता कशी मोजावी आणि आकडे कसे वाचावेत

डोंगरात वाढलेल्या माणसाची छाती भक्कम असते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. कळसूबाईच्या पायथ्याशी असलेल्या बारी गावातला वीस वर्षांचा तरुण पाठीवर ओझे घेऊन गप्पा मारत चढतो आणि मुंबईहून आलेला त्याच्याच वयाचा पाहुणा अर्ध्या वाटेतच धापा टाकत बसतो, हे पाहिल्यावर तसे वाटणे स्वाभाविकही आहे. मात्र दम न लागणे आणि फुफ्फुसे मोठी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी किंवा गावातील आरोग्य तपासणीसाठी डोंगरी आणि सपाटीवरील तरुणांची तुलना करायची असेल, तर हा फरक आधी मनात पक्का करावा.

सर्वप्रथम गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवावी, कारण ‘डोंगरी भाग’ या शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी सामावतात. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. उंचीबरोबर कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे १,३५० मीटरवरील महाबळेश्वरात तो समुद्रकाठच्या तुलनेत साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो, तर सुमारे ३,५०० मीटरवरील लेहमध्ये तो एक तृतीयांशाने घटतो. अँडीज पर्वतात आणि तिबेटच्या पठारावर लहानपणापासून वाढलेल्या लोकांची फुफ्फुसे सपाटीवरील लोकांपेक्षा आकाराने मोठी आढळतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, तसाच वाढीच्या वयात विरळ हवेत राहण्याचाही आहे. बाविसाव्या वर्षी नोकरीसाठी लेहला गेलेल्या तरुणाचा श्वासाचा वेग आणि रक्तातील हिमोग्लोबिन वाढते, परंतु त्याच्या छातीचा पिंजरा काही मोठा होत नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाईच मुळी १,६४६ मीटर उंच आहे आणि वस्त्या त्याच्याही बऱ्याच खाली आहेत. त्यामुळे सह्याद्रीत किंवा सातपुड्यात काही फरक आढळलाच, तर त्याचे श्रेय अथवा दोष विरळ हवेला देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. रोजच्या चढ-उताराने हृदय आणि पायांचे स्नायू तयार होतात. फुफ्फुसांचे आकारमान त्याने फारसे बदलत नाही.

तुलनेसाठी दोन्ही गट १८ ते २५ या वयातील घ्यावेत, कारण फुफ्फुसांची वाढ विशीच्या सुरुवातीला पूर्णत्वास येते आणि पुढे काही वर्षांनी हळूहळू उतार सुरू होतो. स्त्री-पुरुषांची तुलना स्वतंत्रपणे करावी. प्रत्येकाची उंची चपला काढून, भिंतीला टाच टेकवून स्वतः मोजावी. ‘पाच फूट सहा’ असे तोंडी उत्तर लिहून घेऊ नये. श्वसनक्षमता शरीराच्या उंचीबरोबर वाढते, हे इंग्रज डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्येच दाखवून दिले होते, त्यामुळे येथे झालेली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते.

गावपातळीवर सर्वांत सोयीचे साधन म्हणजे पीक फ्लो मीटर, म्हणजे जोराने फुंकलेल्या श्वासाचा सर्वाधिक वेग काट्यावर दाखवणारी हातात धरायची नळी. काटा शून्यावर आणावा, उभे राहून छाती भरेल इतका श्वास घ्यावा, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत आणि एकदाच, जोरात, झटक्यात फुंकावे. दिवा विझवताना आपण गाल फुगवून फुंकर मारतो, तशी ती नसावी. नवख्या माणसाचे पहिल्या वेळी हमखास हेच होते. शिवाय ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटते किंवा बोट काट्याच्या खाचेवर येऊन काटा अडतो. समजा, एखाद्या मुलीचे तीन आकडे मिनिटाला ३९०, ४४० आणि ४३० लिटर असे आले, तर ४४० हाच आकडा धरावा. सरासरी काढू नये. प्रत्येकासाठी तोंडात धरायची नळी वेगळी ठेवावी. ज्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे किंवा थुंकीतून रक्त पडते, त्याला फुंकायला न लावता क्षयरोगाच्या तपासणीसाठी पाठवावे. अतिउंचावर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हे साधे मीटर विरळ हवेत प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, त्यामुळे पुणे आणि लेह येथील आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत.

पीक फ्लोवरून श्वासनलिका किती मोकळ्या आहेत याचा अंदाज येतो, परंतु फुफ्फुसांचे आकारमान कळत नाही. त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून बाहेर टाकलेली हवा मोजण्याची चाचणी, करून घ्यावी लागते. चाचणीपूर्वी किमान तासभर धूम्रपान आणि दमछाक करणारे श्रम टाळावेत. म्हणजेच घाट चढून आलेल्याला लगेच यंत्रासमोर बसवू नये. अहवालात दोन आकडे मुख्य असतात: पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा आणि त्यांपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. निरोगी तरुणात दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण ८० टक्के किंवा त्याहून अधिक असतो. यंत्रात अपेक्षित मूल्ये कोणत्या लोकसमूहाची भरली आहेत, हे अवश्य विचारावे, कारण युरोपीय मूल्यांशी तुलना केली तर पुष्कळ निरोगी भारतीय तरुणांची फुफ्फुसे उगाचच लहान ठरतात.

आकडे हाती आल्यावर घरातल्या चुलीकडे वळावे. माझ्या मते आपल्या डोंगरी पाड्यांत उंचीपेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ‘गॅस आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. सिलिंडर घरात असतो, पण तो संपल्यावर खाली बाजाराच्या गावातून आणायचा म्हणजे एक दिवस मोडतो, म्हणून भाकरी सरपणावरच भाजली जाते. ‘काल संध्याकाळचा स्वयंपाक कशावर झाला, आणि धूर कुठून बाहेर जातो’ असे विचारले की खरे उत्तर मिळते. पावसाळ्यात ओले सरपण आणि बंद दारे यांमुळे धूर आणखी कोंडतो, त्यामुळे कोणत्या महिन्यात मोजले याचीही नोंद असावी. बिडी, तंबाखूची मशेरी आणि दगडखाणीतील काम यांची माहिती वेगवेगळ्या रकान्यांत घ्यावी.

आकडे चांगले असूनही चढताना दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासावे. सातपुड्यातील आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घ्यावी. आकडा कमी आला असेल, तर एका दिवसावरून काही ठरवू नये. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मोजून वहीत लिहावा. एकाच दिवसातील दोन आकड्यांत सरासरी १० टक्क्यांहून अधिक फरक पडत राहिला, तर दम्याची शंका घ्यावी आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. तिच्या पहिल्या पानावर वय, शरीराची उंची आणि गावाची उंची लिहिलेली असावी.