कॉलेजचे पहिले सत्र आणि मनातली धास्ती : या चुका टाळा

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचे वर्ग सुरू झाले, की त्याच त्या चुका नव्या चेहऱ्यांनिशी माझ्यासमोर येऊन बसतात. पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांत वर्गातल्या ठरावीक मुलांची हजेरी, गुण आणि विचारपूस एका प्राध्यापकाकडे सोपवलेली असते. त्याला जीएफएम म्हणतात. ते काम करताना माझे मत पक्के झाले आहे, की धास्तीपेक्षा धास्तीतून सुटण्यासाठी मुलगा आणि घरचे मिळून जी पळवाट काढतात, तीच अधिक नुकसान करते.

यांतली सर्वांत महाग पळवाट म्हणजे दर शुक्रवारी गावाकडची गाडी धरणे. परभणी जिल्ह्यातून आलेला, बारावीला उत्तम गुण असलेला एक मुलगा शुक्रवारी दुपारचे इंजिनिअरिंग ग्राफिक्सचे प्रात्यक्षिक बुडवून निघत असे आणि रविवारची रात्र प्रवासात घालवून सोमवारचे पहिले व्याख्यान झोपेत काढत असे. त्या विषयाच्या आकृत्यांची शीट अपूर्ण राहिल्यामुळे सरांसमोर जाण्याची भीती वाटू लागली, म्हणून बुधवारचा तासही बुडू लागला. लेकराचे मन रमत नाही म्हणून आई त्याला आणखी आग्रहाने बोलावू लागली. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेल्याचे पत्र घरी पोहोचले, तेव्हा वडील प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहूनच घेऊन आले. तास टाळला की तेवढ्यापुरते हायसे वाटते, पण त्या दिलाशामुळेच टाळण्याची सवय जडते आणि पुढच्या वेळी वर्गाचे दारही भीतिदायक वाटू लागते, हे त्यांना समजावण्यात माझी एक दुपार गेली.

अखेरीस तो अर्ज सत्र संपेपर्यंत माझ्या खणात ठेवायचा, गावी तीन आठवड्यांतून एकदाच जायचे आणि ड्रॉइंग हॉलमध्ये बसून सर्वांत सोपी अपूर्ण शीट आधी पुरी करायची, असे ठरले. पहिल्या दिवशी त्याने टायटल ब्लॉक, म्हणजे शीटवरची नाव-तपशिलाची चौकट, आखला आणि एका आकृतीचे दोन व्ह्यू काढले, बस्स. वडिलांना हा उपाय फार संथ वाटला. तो संथच आहे. सत्राअखेर एक विषय राहिला, तो एटीकेटीत, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढे जाण्याच्या सवलतीत, पुढच्या सत्रात सुटला, आणि अर्ज मी त्यांना परत केला.

फोनचेही तसेच आहे. दिवसातून चार-पाच वेळा ‘करमतंय का?’ असे विचारले, तर न करमण्याची आठवण दिवसातून तितक्याच वेळा होते. रात्रीच्या जेवणानंतर एकच फोन करावा आणि मेसमध्ये आज भाजी कोणती होती, हे विचारावे. मुले त्यावर मनापासून बोलतात, तक्रार करतात, आणि त्यातूनच बाकीचे कळते.

प्रेरणादायी व्हिडिओ रात्री दोनपर्यंत पाहण्यापेक्षा झोपावे. दुसऱ्या आठवड्यातच शाखा बदलण्याचा विचार करू नये.

एका बाबतीत मात्र ‘रुळेल हळूहळू’ म्हणणे चुकीचे आहे. रॅगिंग सोसू नये. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि 1800-180-5522 ही राष्ट्रीय मदतवाहिनी चोवीस तास चालते. झोप आणि जेवण दोन-दोन आठवडे बिघडलेले असेल, तर मुलाला डॉक्टरांकडे न्यावे; जगणे नको, असे तो बोलत असेल, तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची आणखी एक चूक मला विशेष सलते : इंग्रजीच्या धास्तीने ती वर्गात शंका विचारत नाहीत आणि व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, उत्तरे घोकतात. परीक्षकाने प्रश्न जरा फिरवला, की घोकलेले वाक्य निसटते आणि हात थरथरू लागतात. त्यामुळे सरावात मी उत्तर आधी मराठीत मागतो. मुद्दा नीट आला, की तेच इंग्रजीत सांगायला लावतो, मग वाक्य मोडके असले तरी चालते. घाईच्या मुलांना हे कंटाळवाणे वाटते, त्यांना तयार उत्तरांची पीडीएफ हवी असते. ती मी देत नाही.