जतच्या भाकऱ्या आणि २९ मिलिग्रॅमची रेघ

"काल सकाळपासून काय काय खाल्लं?" जत तालुक्यातल्या एका वाडीत हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मावशी हसल्याच. "काय खाणार बाई? रोजचंच की." मी वहीत 'बाजरीची भाकरी २, कोरड्यास १ वाटी' असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. त्या एका ओळीत किती घोळ होते, ते कळायला मला अख्खं वर्ष गेलं.

आहार सर्वेक्षणात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. चोवीस तासांची आठवण (काल दिवसभरात काय खाल्लं ते आठवून सांगायला लावणं) कशी घ्यायची, वारंवारतेची प्रश्नावली (कोणता पदार्थ किती वेळा खाता) म्हणजे काय, हे तुम्हाला शिकवलेलं असतं. मी फक्त जिथे आपटले ते सांगते.

आधी भांडी. 'एक वाटी' म्हणजे कोणाची वाटी? जतमधली वाटी आणि सांगलीत माझ्या घरातली वाटी यांत दीडपटीचा फरक निघाला. मापाच्या वाट्या सोबत न्या, त्यात पाणी ओतून बाईंच्या वाटीशी ताडून बघा. भाकरीचं तर विचारूच नका. एकीची हातभर रुंद नि पातळ, दुसरीची तळहाताएवढी नि जाड. मी शेवटी स्वयंपाकघरातला काटाच नेला आणि एका भाकरीला घेतलेलं पीठ तोलायला लागले. पोषणमूल्यं कच्च्या जिनसांची असतात, तुम्ही विचारता शिजलेल्याचं. म्हणून पातेल्यात डाळ किती पडली, शिजून एकूण किती वाट्या झालं आणि त्यातलं त्या बाईच्या ताटात किती आलं, हे तिन्ही विचारावं लागतं. तिसऱ्या प्रश्नाला बाया अडखळतात, कारण त्या सगळ्यांच्या मागून बसतात. पातेल्याच्या बुडाला काय उरलं ते विचारा, खरं उत्तर तिथे मिळतं. आणि चहा. दिवसातून पाच वेळा घेतलेला चहा कुणीही 'खाल्लं'मध्ये धरत नाही, पण साखर नि दूध त्यातूनच जातं.

हे सगळं सरावाने जमतं, घाबरू नका. मी बुडाले ते पुढे, आकडेमोडीत.

माझ्या प्रबंधात एक तक्ता होता: प्रत्येक बाईच्या एका दिवसाच्या आहारातलं लोह आणि शेजारी आयसीएमआर-एनआयएनची (हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची) २०२०ची शिफारस, म्हणजे आरडीए, २९ मिलिग्रॅम. २९च्या खाली जी जी, ती 'कमतरता'. जवळपास सगळ्याच कमी पडल्या. मला वाटलं, केवढा मोठा निष्कर्ष! मार्गदर्शकांनीही मान डोलावली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "ही रेघ कुणासाठी आखलीय?" मला उत्तर देता आलं नाही.

आता नीट ऐका, मी हे दोनदा सांगणार आहे. आरडीए मुद्दाम उंच ठेवलेली असते, शंभरातल्या ९७-९८ निरोगी माणसांची गरज भागावी म्हणून. म्हणजे बहुतेकांना त्याहून कमी पुरतं. २९च्या खाली असणं म्हणजे उपाशी असणं नव्हे. गटातल्या किती जणांना कमी पडतंय हे मोजायला सरासरी गरज लागते, ईएआर, जी निम्म्या माणसांना पुरते. प्रौढ बायकांसाठी लोहाची ही संख्या १५ आहे. २९ आणि १५! दिवसाला १८ मिलिग्रॅम लोह मिळवणारी बाई माझ्या तक्त्यात थेट रुग्ण झाली होती. कॅल्शियमला तेच: शिफारस १०००, सरासरी गरज ८००. पुन्हा सांगते, आरडीए ही एका माणसाच्या आहाराचा बेत आखायला. लोकसंख्येतली तूट मोजायला नाही.

घरी येऊन मी २९ खोडून १५ लिहिलं आणि सुटले असं वाटलं. तेही चूक. एरवी सरासरी गरजेखालची डोकी मोजून चालतं, कारण रेघेखालच्या काही जणांची गरज मुळातच कमी असते, वरच्या काहींची जास्त, आणि दोन्ही चुका एकमेकींना फेडतात. पण पाळी येणाऱ्या बायकांत लोहाची गरज अशी दोन्हीकडे सारखी पसरलेली नसते. काहींचा रक्तस्राव खूप असतो, आलेखाचं शेपूट एकाच बाजूला लांब जातं. तिथे प्रत्येक आहारपातळीला गरज न भागण्याची शक्यता काढून मग सरासरी घ्यावी लागते. आणि हे करूनही जे हाती येतं ती आहारातली तूट. अंगातली कमतरता रक्तावरूनच ठरते.

तिसरा घाव एका दिवसाचा. अ जीवनसत्त्व बघा. बायकांची सरासरी गरज ३९० मायक्रोग्रॅम. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ताटात चाकवत, तांदुळजा, शेपू. ती बाई गरजेच्या कितीतरी वर. चार दिवसांनी तीच बाई शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीवर, जवळजवळ शून्य. कोणती खरी? दोन्ही. एका दिवसाच्या आकड्यांचा पसारा नेहमीच्या आहारापेक्षा फार रुंद असतो आणि त्यातून टोकाला खोटी गर्दी दिसते. म्हणून निदान काही घरांत, लागोपाठ नसलेल्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. त्या फरकावरून सगळ्यांचा पसारा आवळता येतो. वारही वाटून घ्या. मी बरीच घरं गुरुवारी केली, निम्म्या बायांचा उपास. माझ्या आकडेवारीत जत तालुका साबुदाण्यावर जगत होता.

देशपातळीवर हेच प्रश्न मोठे होऊन येतात. एनएनएमबी, म्हणजे लोकांच्या आहारावर नजर ठेवणारं राष्ट्रीय पोषण निरीक्षण मंडळ, १९७२ला सुरू झालं, घरोघरी आहार मोजायचं, मोजक्या राज्यांत. २०१५ला बंद पडलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण कोणता पदार्थ किती वेळा खाता ते विचारतं, किती ग्रॅम ते नाही. २०२२-२३चं कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षण घरात काय आलं ते सांगतं. मागून बसणाऱ्या बाईला त्यातलं किती मिळालं ते नाही. कुठलाही आकडा उचलण्याआधी हे बघा.

परदेशी अॅपमध्ये बाजरीच्या जागी 'मिलेट, शिजवलेलं' टाकून मोकळं होणाऱ्यांचा मला रागच येतो. २०१७ची भारतीय अन्नघटक सारणी आहे, ५२८ पदार्थांची, ती वापरा. आणि वाडीत कधी पाऊल न टाकलेल्या मार्गदर्शकापेक्षा पहिल्या दिवसापासून सोबत असलेला संख्याशास्त्राचा विद्यार्थी बरा. त्याला नुसता चहा पाजला तरी चालतो.

प्रबंध सुधारायला मला मुदत मिळाली. तुम्हालाही मिळते, चूक म्हणजे जगबुडी नाही. मी पुन्हा जतला गेले, त्याच मावशींकडे, या वेळी मंगळवारी. काटा बघून त्या म्हणाल्या, "आली का भाकरी तोलणारी!" मग स्वतःहून बोटं मोजत सांगायला लागल्या: हुलग्याचं माडगं, दोन भाकऱ्या, त्यातली अर्धी नातवाला, आणि चहा, "त्यो बी लिही, गेल्या टायमाला लिवला न्हाईस."