पीएचडीचं पहिलं वर्ष: गाईडच्या केबिनबाहेर वाट बघत बसू नका

अ‍ॅडमिशन कन्फर्म होतं, घरी पेढे वाटून होतात, स्टेटसला फोटो टाकून होतो आणि मग तीन महिने काहीच घडत नाही. सर मीटिंगमध्ये असतात, मॅडम पेपर तपासतायत, ऑफिसात क्लार्क म्हणतो उद्या या. एमएला निदान टाइमटेबल होतं, इथे कोणी काही सांगतच नाही. मी सोशॉलॉजीत चौथ्या वर्षाला आहे, पहिलं वर्ष असंच घालवलं, म्हणून नवीन आलेल्यांसाठी लिहितेय.

सगळ्यात आधी नियम वाचा, सिनियर काय म्हणतात ते नंतर. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ चं पीएचडी रेग्युलेशन मोजक्या पानांचं आहे, एका बैठकीत वाचून होतं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स आलंच. कोर्सवर्क धरून कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६, मग री-रजिस्ट्रेशन करून २ वर्षं वाढवून मिळू शकतात. प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ स्कॉलर, त्याच्या वर नाही (परदेशी स्कॉलर वेगळे). मुलींनो, मॅटर्निटी आणि चाइल्डकेअर लीव्ह मिळून २४० दिवसांपर्यंत मिळू शकते, हे आमच्याकडे कित्येकींना माहीतच नव्हतं. यावर तुमच्या विद्यापीठाची स्वतःची परिपत्रकं असतात, तीही डाउनलोड करून एका फोल्डरमध्ये ठेवा, खिडकीवर वाद घालायची वेळ आली की कामाला येतात.

आता गाईड. गाईड चांगला का वाईट यावर कँटीनमध्ये दोन दोन तास जातात, त्यापेक्षा एक सवय लावून घ्या. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी मेल टाकायचा, चार ओळींचा: सर, आज ठरलं ते असं, दुसऱ्या चॅप्टरआधी प्रश्नावली पूर्ण करायची, अमुक दोन लेख वाचायचे, १५ तारखेला दहा पानं देते, काही चुकलं असेल तर सांगा. बस. उत्तर येवो न येवो. सहा महिन्यांनी सर म्हणतात "मी असं कधी म्हणालो?" तेव्हा भांडायचं नाही, तोच मेल परत फॉरवर्ड करायचा, नम्रपणे. माझ्या बाबतीत हे दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा सर हसले आणि विषय संपला.

दर सेमिस्टरला आरएसीपुढे, म्हणजे तुमच्या कामावर लक्ष ठेवणाऱ्या रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटीपुढे प्रेझेंटेशन असतं, त्याला लोक उगाच घाबरतात. खरं तर तिथे दोन-तीन जाणती माणसं तुमचं काम ऐकायला बसलेली असतात, असं फुकटात परत कुठे मिळणार. पंचवीस स्लाइड नकोत, आठ पुरे. शेवटच्या स्लाइडवर आपलं कुठे अडलंय ते सरळ लिहा, म्हणजे चर्चा त्यावर होते, नाहीतर अर्धा तास फॉन्ट आणि शुद्धलेखनावर जातो (हे अनुभवाचे बोल).

टॉपिकचं सांगते. मी आले तेव्हा माझा विषय होता "ऊसतोड कामगारांच्या समस्या". म्हणजे काय, तर सगळंच. आरएसीतल्या एका मॅडमनी विचारलं, उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) कोणाच्या नावावर लिहितात? मला सांगता येईना. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती दोघांच्या कामावर, पण पैसे मोजून घेतो नवरा, मग बाईचा हिशोब कुठे? तिथून माझा विषय दोन गावांपुरता झाला आणि श्वास घेता आला. तुमचाही विषय एका प्रश्नात मावतोय का बघा. आणि फील्डवर्क असेल तर कॅलेंडर लोकांचं बघायचं, विद्यापीठाचं नाही, दसरा-दिवाळीच्या सुमारास माझी दोन्ही गावं अर्धी रिकामी होतात, मी पहिल्या वर्षी डिसेंबरात गेले आणि म्हाताऱ्यांशी आणि कुलपांशी बोलून आले.

वाचन करताना झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा, फुकट आहे. मी वहीत उतारे लिहिले, पान नंबर लिहिले नाहीत, मग एका तळटीपेसाठी एसटीने दुसऱ्या शहरातल्या लायब्ररीत जाऊन तेच जाडजूड पुस्तक परत चाळलं. शोधगंगा या भारतीय थिसिसच्या वेबसाइटवर आपल्या विषयाचे चार-पाच थिसिस उघडा, सगळे वाचायचे नाहीत, अनुक्रमणिका आणि संदर्भसूची बघायची. महागडी जर्नल्स १ जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून सरकारी संस्थांना मिळतात, तुमच्या लायब्रेरियनला लॉगिन विचारा.

पेपर छापायची घाई नको. २०२२ च्या नियमात थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे अशी सक्ती राहिलेली नाही, पण काही विद्यापीठांनी आपली अट ठेवलीय, ती तपासा. केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर "आठवड्यात पेपर, सर्टिफिकेटसह" वाल्यांचं फावलंय. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्याने तुमचा पेपर वाचलेला नसतो.

पैशाचं बोलायलाच हवं. जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि त्यापुढची एसआरएफ (सिनियर) ४२,००० आहे, पण पहिला हप्ता लगेच येईल असं धरून रूम भाड्याने घेऊ नका, जॉइनिंग, सह्या, शिक्के यात महिने जातात. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपपैकी आपल्याला कुठली लागू होते ते बघा, आणि रजिस्ट्रेशनचं पत्र, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर तो, सगळं स्कॅन करून तयार ठेवा, जाहिरात आली की मुदत थोडी असते.

आणि आपल्या बॅचचे तिघे-चौघे धरा, वेगळ्या डिपार्टमेंटचे असले तरी चालतील. आम्ही दर शनिवारी चार वाजता बसतो, प्रत्येकाने दोन पानं आणायची, कच्ची चालतात, कोऱ्या हाताने येणाऱ्याने सगळ्यांचा चहा द्यायचा. पहिल्या महिन्यात चहा मीच दिला.