गडद निळसर-राखाडी भिंती : या चुका टाळा

गडद निळसर-राखाडी रंग मनासारखा उतरला नाही, की लोक शेडकार्डाला दोष देतात. खोट बहुधा भिंतीच्या ओलीत किंवा खोलीच्या उजेडात असते.

कोल्हापुरात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दिवाळीआधी घाईने रंग देणे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी प्यायलेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसली, तरी आतून ओली असू शकते. ती ओल बाहेर येताना गिलाव्यातले क्षार सोबत आणते आणि पाणी उडून गेले की त्यांचे पांढरे चट्टे मागे राहतात. फिक्या रंगावर ते खपून जातात, गडद निळ्यावर मात्र दारातूनच डोळ्यांत भरतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पंचगंगेचे पाणी शिरले, तिथल्या भिंतींच्या खालच्या भागाबाबत विशेष सावध राहावे. खात्री करण्यासाठी हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दिवसभर ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरले, तर रंगाऱ्याला खुशाल पुढची तारीख द्यावी. जुन्या वाड्यातल्या चुन्या-मातीच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट चढवल्यास ओल आत कोंडून पोपडे सुटतात, तेव्हा तिथे या रंगाचा हट्ट नसलेलाच बरा.

दुसरी चूक उजेडाची. भिंत किती प्रकाश परत फेकते हे ० ते १०० या मापात सांगणारा ‘एलआरव्ही’ आकडा पांढऱ्यासाठी ऐंशीच्या पुढे असतो, तर अशा गडद छटांसाठी दहाच्या आसपास. पेठेतल्या बोळाकडे तोंड असलेल्या, एकाच दारातून उजेड घेणाऱ्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, चारही भिंती अशा रंगवल्या, तर भर दुपारी दिवा लावावा लागतो. त्यातही ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाची छटा सांगणारे माप) पांढऱ्या ट्यूबखाली हा रंग लोखंडी पत्र्यासारखा दिसतो आणि फार पिवळ्या दिव्याखाली त्यातला निळा मरतो. ३००० ते ४००० केल्विनचे, एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी लावलेले दिवे बरे. नमुना शेडकार्डावर पाहून रंग ठरवू नये. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो खिडकीजवळच्या आणि आतल्या भिंतीवर सकाळी, दुपारी व रात्री धरून पाहावा.

कारागिरीत रंगारी हमखास चुकतात ते प्रायमरमध्ये. पांढऱ्या प्रायमरवर गडद रंगाचे दोन हात पुरत नाहीत, खालचा पांढरा डोकावतो आणि तिसऱ्या हातावरून वाद होतो. करड्या छटेचा प्रायमर घेतल्यास तो टळतो. एकाहून अधिक डबे असतील, तर सगळा रंग एका बादलीत एकत्र करावा, एक भिंत एका दमात संपवावी आणि तोवर पंखा बंद ठेवावा, नाहीतर रोलरचे सांधे उमटतात. चकाकी असलेला रंग लांबीतला (पुट्टीतला) प्रत्येक उंचवटा दाखवतो आणि साधा मॅट बोटांचे ठसे धरतो. मुले असलेल्या घरात धुता येणारा मॅट घ्यावा.

छत झगझगीत पांढरे ठेवले, तर जुन्या घराचा वाकडा कोपरा अधिकच उघडा पडतो. किंचित राखाडी झाक असलेला पांढरा त्याला सांभाळून घेतो. सागवानी दारे आणि पितळी समया या रंगावर फार खुलतात, त्यामुळे सजावटीवर वेगळा खर्च करण्याची गरज मला तरी दिसत नाही.

पुढे ओरखडा पडलाच, तर तेवढ्याच जागी ब्रश फिरवू नये, कारण ठिगळ उमटते. राखून ठेवलेल्या रंगाने ती भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पुन्हा रंगवावी.