मंदिर अख्खं मागे सरकवण्याआधी

रस्तारुंदीसाठी आपलं दत्तमंदिर अकरा मीटर मागे घ्यायचं घाटतंय, तर जॅकवाल्यांना बोलावण्याआधी विश्वस्तांनी काही कामं उरकून घ्यावीत.

‘एवढं देऊळ सरकेल का?’ ही चर्चा आधी थांबवा. चेकोस्लोव्हाकियातल्या मोस्ट गावी कोळशाच्या खाणीच्या वाटेत आलेलं जुनं चर्च १९७५ साली रुळांवरून ८४१ मीटर नेलं, आणि त्याचं वजन दहा हजार टनांच्या घरात होतं. आपलं काढून बघू. भिंतींची एकूण लांबी ३६ मीटर, जाडी ४५ सेंटीमीटर, उंची ५ मीटर धरली तर वीटकाम ८१ घनमीटर. घनमीटरला १९०० किलो म्हणजे दीडशे टनांच्या वर. स्लॅब, शिखर, खालचे नवे बीम मिळून २५० टन समजा. रुळांवर रोलर असले की ढकलायला याच्या पाचेक टक्के जोर लागतो, पहिल्यांदा सुटताना थोडा जास्त. तेवढा जॅक ट्रकच्या गॅरेजमध्येही मिळेल.

घोडं अडतं ते भिंतीपाशी. चुन्यातलं वीटकाम दाब भरपूर सोसतं, ताण जवळजवळ नाहीच. एक कोपरा जरा खचला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालीच. म्हणून आधी आतून-बाहेरून सगळ्या भेगांचे तारखेसह फोटो काढा, प्रत्येक भेगेवर काचेची पट्टी चिकटवा (पट्टी तडकली की भेग हलली), आणि ओल धरलेला गिलावा खरवडून आतला चुना बोटाने भुसभुशीत लागतो का ते कडियाकडून (गवंड्याकडून) तपासून घ्या. लागत असेल तर आधी ग्राउटिंग (भिंतीतल्या पोकळ्यांत पातळ मसाला भरणं), मग पुढचं बोलणं. शिखर उतरवायचं की नाही हेही आत्ताच ठरवा. मोस्टला मनोरा पाडूनच बाकीचं हलवलं होतं.

१९३० साली इंडियानापोलिसमध्ये टेलिफोन कंपनीची आठ मजली इमारत आत माणसं कामावर असताना वळवली, म्हणून काकडआरती चालू ठेवू असं कोणीतरी म्हणेलच. ती पोलादी सांगाड्याची होती. आपण मूर्ती गुरुजींच्या सल्ल्याने आधीच हलवावी. वीज, नळ, ड्रेनेजही तोडून घ्यावं.

जोत्याखाली बीम घालताना भिंत सलग फोडू देऊ नका. एक भोक, त्यात बीम, सिमेंट घट्ट झालं की मगच एक सोडून पुढचं. जॅक तीन गटांत जोडलेत का, हे कंत्राटदाराला स्पष्ट विचारा. एका गटातले सगळे जॅक एकाच तेलाच्या लाइनवर असले तर जमीन कुठे बसली तरी भार आपोआप वाटला जातो, आणि तीन टेकूंवर इमारत पिळवटत नाही. अमेरिकेतलं केप हॅटरसचं दीपगृह १९९९ साली असंच २३ दिवसांत ८८४ मीटर सरकवलं. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा कंत्राटदार बघा.

वाटेची जमीन हा दुसरा धोका. काळी माती निघाली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून माती-परीक्षण मंदिराखाली, नव्या जागी आणि मधल्या वाटेवरही करून घ्या. काम दिवाळीनंतरच काढा. आपल्या वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला पूर लक्षात आहेच. तेव्हा नवं जोतं त्या पुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, जॅक लागलेच आहेत तर उंची त्यातच मिळते. नवा पाया भरल्यावर २८ दिवस पाणी मारा. औदुंबर हलणार नाही, तेव्हा वाट त्याच्या मुळांना टाळून आखा, थोडं तिरकं जावं लागलं तरी चालेल.

महापालिका, चॅरिटी कमिशनर, विमा ही कागदं वकिलांकडे सोपवा.

सरकवताना चारही कोपऱ्यांना ओळंबे लावून एकेक माणूस बसवा. थांबा म्हणण्याचा अधिकार मात्र एकाच इंजिनिअरला, आणि तो कंत्राटदाराचा नको. शेवटचा हप्ता एक पावसाळा पार पडल्यावर, काचेच्या पट्ट्या पुन्हा पाहूनच द्यायचा. हे करारात आधीच घाला.